काळी पाच

"ही ती नव्हेच," कटारियाशेठ म्हणाले.

काचेच्या पलीकडे, माइकसमोर, कानांवर हेडफोन लावून उज्ज्वला तायडे उभी होती. आमचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं, पण आमचे चेहरे दिसत होते. बाविशीतली सावळी, चणीनं बारीक मुलगी. मलकापूरहून सकाळीच एस.टी.नं उतरली होती आणि तोंड धुऊन थेट स्टुडिओत आली होती. चपला तिनं दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या.

"प्रवासानं आवाज बसला असेल शेठ," मी म्हणालो.

"बसलेला आवाज मला कळतो, कुंटे. हा बसलेला नाही, हा दुसराच आहे. कॅसेटवर गाणारी पोरगी वेगळी आणि ही वेगळी. गंडवलंय आपल्याला."

बापू देवस्थळी, आमचे संगीत संयोजक, तोंडातला पान-तंबाखूचा तोबरा सांभाळत नुसते मान हलवत होते. त्यांची मान हो म्हणायलाही तशीच हलायची आणि नाही म्हणायलाही.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी पुण्यात सूरपेटी कॅसेट्स नावाच्या कंपनीत नोकरीला होतो. काम एकच, ऐकणं. तेव्हा मराठीत पॉपचं वारं सुटलं होतं. ज्या गावात धड वाचनालय नाही तिथं एक बँड मात्र हमखास होता, आणि प्रत्येक बँड आपली कॅसेट आम्हाला पाठवत होता. दर गुरुवारी मी दार लावून बसायचो आणि ऑफिसातल्या मोठ्या जपानी डेकवर एकेक कॅसेट लावायचो. पन्नासांतल्या एकोणपन्नास साभार परत. पण जी एक मी उचलायचो ती चालायची. सलग दोन अल्बम असे निघाले की कंपनीचं नशीब फळफळलं. मग शेठनं कव्हरवर माझं नाव छापायला सुरुवात केली. खाली, बारीक अक्षरांत, 'निवड : शशिकांत कुंटे'. आमच्या आईनं ते कव्हर अख्ख्या सोसायटीत फिरवून आणलं. मी वरवर म्हणायचो, कशाला गं आई. पण खरं सांगायचं तर मला गुदगुल्या होत होत्या.

'चौफुली' नावाच्या बँडची कॅसेट अशीच एका गुरुवारी लावली. पहिल्या ओळीलाच मी ताठ बसलो. आवाज असा पातळ, चकचकीत, वर जाऊन अलगद टेकणारा. शेठ दारात चहा पीत उभे होते, ते कपासकट आत आले. "कोण ही?" त्यांनी विचारलं. मी पाकिटावरचं नाव वाचलं. "उचला," ते म्हणाले. बापूंना बोलावलं. बापूंनी ऑफिसातल्याच पेटीवर पट्टी काढली, काळी पाच. हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी म्हणजे बाईच्या आवाजालाही चांगलीच चढी. तिथून इतकं सहज गाणारी मुलगी बापूंनीही ऐकली नव्हती. त्यांनी पुण्यातले वादक बसवून आठही गाण्यांचे ट्रॅक त्याच पट्टीत तयार करून ठेवले. आता तिनं येऊन फक्त गायचं होतं.

आणि ती आली, आणि काळी पाचमध्ये तिचा आवाज ताणलेल्या दोरीवरच्या लुगड्यासारखा फडफडत होता.

शेवटी मीच सुचवलं, ऑफिसात जाऊन कॅसेट सगळ्यांसमक्ष ऐकू. उज्ज्वला, तिचा थोरला भाऊ संघपाल, बापू, शेठ आणि मी. संघपाल बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा. गाणी, चाली, सगळं त्याचंच. उंच, वाकून चालणारा, बोलताना शर्टाचं वरचं बटन चाचपणारा माणूस.

"साहेब, आमी कायले गंडवू?" रिक्षातून उतरल्यापासून तो हेच म्हणत होता. "माह्या डोळ्यासमोर गायली हे. खोलीच्या दरवाजाले गोधडी लावून रेकॉर्डिंग केलं आमी."

मी डेक सुरू केला. गाणं वाजलं. उज्ज्वला खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे मीच गायली," ती हळूच म्हणाली. "शब्द, जागा, सगळं माहंच हाय. पण सर, आवाज माहा नाही वाटत."

"बघा! स्वतःच कबूल करते," शेठ म्हणाले.

"तसं नाही हो साहेब," संघपाल उठला. त्यानं पेटीवर एक सूर धरला, मग दुसरा. "हे त काळी पाच हाय! आमी त कायम काळी चारमधून वाजवतो." त्यानं एकदम कपाळावर हात मारून घेतला. "बटन! माह्या कॅसिओचं ट्रान्सपोजचं बटन लय वात्रट हाय. जरासा हात लागला की पट्टी चढते. दबलं असन त्या दिवशी. अन् आमाले कोणाले पत्ताच नाही!"

"म्हणजे मी पाचमधी गायली?" उज्ज्वलाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अन् मले समजलंच नाही?"

"न समजता गायलीस, आता समजून गा," शेठ म्हणाले. "ट्रॅक तयार आहेत. तीन दिवस स्टुडिओ घेतलाय. आज गेलाच. उरलेल्या दोन दिवसांत कॅसेटवरचा आवाज मला दे, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं मलकापूर."

"देतो ना," ती म्हणाली. वऱ्हाडात बायकाही 'देतो', 'गातो' म्हणतात. "एकदा गायली त दुसऱ्यांदा काहून नाही गाणार?"

तिच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता. वडील नगरपालिकेत सफाई खात्यात, चौदा एप्रिलला भीमगीतं गाणारे. ती आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागं उभी राहून कोरस धरत आलेली. घरात सगळ्यांनी ठरवलं होतं की अल्बम निघाला तर हिचं गाणं, नाहीतर पुढच्या महिन्यात हिचं लग्न. मुलगाही बघून ठेवलेला. हे मला संघपालनंच जिन्यात सांगितलं.

संध्याकाळी मी ती कॅसेट घरी घेऊन गेलो. मन खट्टू झालं होतं. माझा कान चुकला असं आजवर झालं नव्हतं. घरच्या जुन्या टेपवर लावली आणि ऐकतच राहिलो. आवाज खालचा होता. भरलेला, उबदार, जराही घाई नसलेला. मला वाटलं, आमचा टेप मंद झाला असेल.

आई मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले. "काय गोड गळा आहे रे. कशी सावकाश, मनापासून गातेय. कोण ही?"

मी टेप बंद केला. जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊलाच ऑफिसात पोचलो. झाडूवालीसुद्धा आली नव्हती. आमच्याच कंपनीची एक छापील कॅसेट काढली. पहिल्या गाण्याचा वेळ कव्हरवर छापलेला होता, साडेचार मिनिटं. मी हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि डेक सुरू केला. गाणं चार मिनिटांत संपलं. पुन्हा लावलं. पुन्हा चारच.

तीन महिन्यांपूर्वी त्या डेकची मोटर जळाली होती. तपकीर गल्लीतल्या एका कारागिरानं दुसरी बसवून दिली होती. ती जोरात फिरत होती, एवढंच. तीन महिने मी जे जे ऐकलं होतं ते सगळं पळणारं आणि चढलेलं. उज्ज्वला आयुष्यात कधीही काळी पाचमधून गायली नव्हती. ती चारमधूनच गायली होती, संघपालच्या बटनाला काहीएक झालेलं नव्हतं, आणि ज्या आवाजावर आम्ही सगळे भाळलो होतो तो आवाज कुणाचाच नव्हता. शिवाय त्या तीन महिन्यांत किरट्या, कर्कश म्हणून मी ज्या पोरी परत पाठवल्या त्यांचं काय, हा हिशेब वेगळाच. तो मी मांडायला घेतला आणि सोडून दिला.

सांगायचं, असं ठरवूनच मी स्टुडिओत गेलो. शपथेवर सांगतो, ठरवूनच गेलो होतो.

शेठ आधीच आले होते, खुशीत होते. अल्बमच्या कव्हरचा नमुना छापखान्यातून आला होता. उज्ज्वलाचा फोटो, वर 'चौफुली', आणि खाली माझं नाव. या वेळी बारीक नाही, चांगलं ठसठशीत.

"बघा कुंटे. लोक आता गाणारा कोण विचारत नाहीत, निवड कुणाची ते विचारतात. तुमच्या कानावर धंदा उभा केलाय मी."

"शेठ, एक सांगायचं होतं."

"बोला की."

मी कव्हराकडे पाहिलं. "कव्हर छान झालंय," मी म्हणालो.

मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही. मी म्हटलं, तिला जमतंय का बघू. नाहीच जमलं तर सांगू. अकरा वाजता पहिलं गाणं सुरू झालं. पहिल्यांदा फाटलं, दुसऱ्यांदा फाटलं, तिसऱ्यांदा जवळ आलं. चौथ्यांदा तिनं डोळे मिटले, टाचा उचलल्या आणि तो वरचा सूर धरला. तोच, डेकवरचा. बापूंनी चक्क पान थुंकून टाळी वाजवली. काचेपलीकडून ती माझ्याकडे बघून हसली, मीही हसलो. जमलं की, मग आता कशाला सांगायचं? हीही समजूत मी लगेच घालून घेतली.

दुपारी तीन गाणी झाल्यावर संघपाल मला बाहेर व्हरांड्यात गाठून म्हणाला, "सर, एक विचारू का? उरलेली गाणी अर्धा सूर तरी खाली घेता येतीन का? तिचा घसा लय दुखून राहिला. मले सांगत नाही, पण पाणी गिळताना तोंड वाकडं करते."

तो माझ्याच तोंडाकडे बघत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

"अरे, कॅसेटवर गायलीच होती ना ती?" मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. "तेही खरंच हाय." आणि तिच्यासाठी ज्येष्ठमध उकळायला आत गेला.

तिसऱ्या दिवशी उरलेली पाच गाणी झाली. प्रत्येक गाण्यानंतर बटन दाबून 'ओके' म्हणायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं. आठवं संपल्यावर ती बाहेर आली, चेहरा घामानं निथळत होता, आणि काहीतरी म्हणाली. ओठ हलले, आवाज आला नाही. नुसती हवा. ती स्वतःच खुदकन हसली आणि गळ्याकडे बोट दाखवलं. शेठ म्हणाले, "चार दिवस मौन पाळ बाई, तुझा आवाज आता कंपनीचा आहे." सगळे हसले. त्याच दिवशी परत येऊन मी डेकचं मागचं झाकण उघडलं, वेगाचा स्क्रू पिळला आणि घड्याळ लावून साडेचार मिनिटं जुळवली. कुणाला काही बोललो नाही.

अल्बम तुफान चालला. गणपतीत, नवरात्रात, लग्नांत, जिकडेतिकडे चौफुली. लग्न मोडलं, म्हणजे तिनंच मोडलं, आणि ती गावोगाव कार्यक्रम करू लागली. लोकांना कॅसेटवरचाच सूर हवा असायचा. पट्टी जरा उतरवली की पुढच्या रांगेतून ओरडा व्हायचा. अडीच वर्षं तिनं तो सूर पुरवला. मग स्वरयंत्रावर गाठी आल्या, अकोल्याला शस्त्रक्रिया झाली, आणि गाणं संपलं. मला हे दुसऱ्यांकडून कळलं. मी भेटायला गेलो नाही, पत्रही लिहिलं नाही. लोक म्हणत, कामात असतील. मी कामात नव्हतो, मला लाज वाटत होती. पुढं कॅसेटचा धंदाच बुडाला, शेठनं दुकान आवरलं, मी एका एफ.एम.वाल्यांकडे लागलो आणि यथावकाश निवृत्त झालो.

परवाच्या जानेवारीत फोन आला. "सर, ओळखलं का? मी उज्ज्वला."

नाव सांगितलं नसतं तर सात जन्मांत ओळखलं नसतं. रवा चाळावा तसा आवाज. मलकापुरात तिचा गाण्याचा क्लास होता. म्हणाली, "एक पोरगी हाय सर माह्यापाशी. तिचा सोताचा बँड हाय. आठ दिवसांनी मुंबईले ऑडिशन हाय तिची. जायच्या आधी तुमी ऐकून घ्या. तुमच्यासारखा कान दुसऱ्या कोणाचा नाही."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. गेलो.

रस्त्यालगतची दोन खोल्यांची जागा. केस पांढरे झालेली उज्ज्वला माझ्या पाया पडायला वाकली, मी मागं सरलो. भिंतीवर ते कव्हर चौकटीत लावलेलं होतं. तिनं मला शाल दिली, नारळ दिला, पोहे दिले. संघपाल कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, संध्याकाळी येणार होता. मग तिनं त्या मुलीला बोलावलं. प्रांजली वाकोडे, एकोणीस वर्षांची, तरतरीत, केसांच्या टोकांना निळा रंग लावलेली.

उज्ज्वलानं पेटी पुढं ओढली आणि काळी पाच धरली. प्रांजली गाऊ लागली. दोन ओळी बऱ्या गेल्या. मग मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"वर," उज्ज्वला म्हणाली. "अजून वर. लाजू नको."

प्रांजली थांबली, खाकरली. "मॅडम, चारमधून घेऊ का? मले तिथं बरं वाटते."

"मले पण तिथंच बरं वाटे," उज्ज्वला हसली. "इचार या सरायले. सोताची पट्टी सोताले ठाऊक नसते. आमच्या कॅसिओचं बटन दबलं, मी न समजता पाचमधी गायली, अन् या माणसानं ते ओळखलं. नाहीतर जनमभर चारमधीच गात बसली असती. अडीच वर्षंच गायली, पण काय गायली! दादा अजून सांगते लोकायले, बटन दबलं अन् नशीब उघडलं. चल, घे पुन्हा."

मला काहीच करायचं नव्हतं. छान आहे म्हणायचं, शाल पिशवीत घालायची आणि साडेचारची गाडी पकडायची. अठ्ठावीस वर्षं मी तेच करत आलो होतो. प्रांजली घोटभर पाणी प्यायली, आणि गिळताना तिचं तोंड वाकडं झालं.

"उज्ज्वला," मी म्हणालो, "तिला चारमधून गाऊ दे."

"काहून, सर?"

"तू पाचमधून कधी गायलीच नव्हतीस. कॅसेटवर चारच होती. आमचा डेक जोरात पळत होता. मोटर चुकीची बसवली होती. बटनाला काही झालेलं नव्हतं."

तिचा हात भात्यावरच राहिला. भाता हळूहळू मिटला, सूर विझला. प्रांजली एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. उज्ज्वलानं विचारलं, "तुमाले केव्हा समजलं?"

इथंही मला खोटं बोलता आलं असतं. मागाहून कळलं, अल्बम निघाल्यावर कळलं, कुणी विचारायला येणार नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी. साडेनऊला."

"अन् पहिलं गाणं?"

"अकराला सुरू झालं."

तिनं मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. पदर नीट केला, पेटी आपल्याकडे ओढली आणि बोट एक काळी पट्टी खाली नेऊन ठेवलं.

"प्रांजली, चारमधून घे."

प्रांजलीनं घेतलं. आवाज आता ताणलेला नव्हता. भरलेला होता, आपल्या जागी होता, आणि शेवटच्या ओळीवर ती अशी निवांत रेंगाळली की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कसं वाटलं?" उज्ज्वलानं विचारलं.

"फारच सुरेख," मी म्हणालो. "हिला हीच पट्टी..."

"तुमाले नाही इचारलं, सर," ती म्हणाली. ती प्रांजलीकडे बघत होती.